त्या उन्हाळ्याच्या आधी

'कारणे लिहा' हा प्रश्न नववीच्या पोरांना फार आवडतो, कारण त्यात डोकं लावावं लागत नाही. गाईडमध्ये पाच मुद्दे असतात. ते पाठ करायचे, पेपरात उतरवायचे आणि खाली स्केलने रेघ मारायची. तात्कालिक कारण तर सगळ्यांचं लाडकं, कारण ते सर्वांत आखूड असतं. दक्षिण नागपुरातल्या एका शाळेत मी अठरा वर्षांपासून इतिहास शिकवते, आणि या एका प्रश्नापायी मी जितका आवाज चढवला असेल तितका भाजीवाल्यावरही कधी चढवला नाही. पाच मुद्दे लिहिलेस बाळा, पण पहिल्यामुळे दुसरं कसं घडलं ते कुठे आहे, असं विचारलं की पोरं माझ्याकडे असं बघतात, जणू मी अभ्यासक्रमाबाहेरचं विचारलं.

म्हणून दरवर्षी शाळा उघडली की पुस्तकाला हात लावण्याआधी मी एक तास आमच्या घरची गोष्ट सांगायची. सांगता सांगता फळ्यावर चौकोन काढायची आणि एका चौकोनातून दुसऱ्यात बाण. सुरुवात नेहमी बाबांच्या वाक्याने, बाबांच्याच आवाजात व्हायची. "त्या वर्षी उन्हाळा लय कडक होता." पोरं हसायची आणि मग गप्प बसून ऐकायची.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मोठे बाबा, यांची वावरं लागून होती. दोघांचेही संत्र्याचे बगीचे, पण विहीर एकच आणि तिच्यावर मोटर एकच. तीन दिवस पाणी त्यांच्या झाडांना, तीन दिवस आमच्या. याला आमच्याकडे बारी म्हणतात. त्या कडक उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं आणि मोठ्या बाबांनी आमच्या बारीतही पाणी स्वतःच्या झाडांकडे वळवलं. आमची झाडं वाळली. वाळलेल्या बगीच्याचं काय करायचं म्हणून बाबांनी वावर विकायला काढलं, आणि ते घेतलं कोणी, तर मोठ्या बाबांनीच. आम्ही गाव सोडलं. गाव सोडल्यावर बाबांनी कळमेश्वरच्या एमआयडीसीत नोकरी शोधली. पुढे आम्ही नागपुरात आलो, मी शिकले, मास्तरीण झाले. शेवटच्या चौकोनात मी 'मी' एवढंच लिहायची आणि खडू खाली ठेवायची.

पोरांना हे फार पटायचं. मधला एखादा चौकोन मी हाताने पुसून दाखवायची आणि विचारायची, आता सांगा, मी इथे उभी असते का? पोरं एका सुरात 'नाही' म्हणायची. इतिहास कशाला म्हणतात ते यांना कळलं, असं वाटून मी खुशीत वर्गाबाहेर पडायची. इतर शिक्षिका स्टाफरूममध्ये माझी थट्टा करायच्या की मॅडमचे मोठे बाबा यंदाही पाणी चोरून गेले वाटतं. मीही हसायची.

या गोष्टीतला सर्वांत भारी पुरावा मी शेवटी राखून ठेवायची. तो पुरावा म्हणजे मी. मी दहा वर्षांची होते. रविवार होता, बाबा घरी होते. दुपारी जेवण झाल्यावर ते मला म्हणाले, "जा वं, विहिरीवर पाहून ये बरं, पाणी कोणाकडे चालू आहे." बारी आमची होती. मी पळत गेले. मोटर घरघरत होती आणि पाणी दांडातून सरळ मोठ्या बाबांच्या झाडांकडे चाललं होतं. आमच्या झाडांची पानं गुंडाळली होती, बुडाशी जमीन भेगाळली होती. मी तशीच उलटी धावत आले आणि अंगणातूनच ओरडले, "आई, मोठ्या बाबाची मोटर चालू आहे, आपल्या बारीत!" आई सुपात गहू घेऊन बसली होती. तिने सूप खाली ठेवलं. बाबा ओट्यावर डोकं धरून बसले आणि म्हणाले, सख्ख्या भावानं असं करावं. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवर्षी थोडा कापायचा, आणि तो खराच कापायचा.

त्या दिवसापासून आई मोठ्या आईशी बोलली नाही. मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको, आईची थोरली जाऊ. आईची आई ती लहान असतानाच गेली होती, त्यामुळे आईला माहेर असं नव्हतंच. लग्न होऊन आली तेव्हा तिला स्वयंपाक या जावेने शिकवला, माझ्या वेळचं बाळंतपण या जावेने केलं. दोघींची तिखट-मिठाची बरणी एक होती. गावात कोणी आईला विचारलं की माहेर कोणतं, तर ती हसून पलीकडच्या दाराकडे बोट दाखवायची. ते दार त्या दुपारी बंद झालं ते छत्तीस वर्षं बंद राहिलं.

मोठ्या आईने मात्र एक गोष्ट सोडली नाही. दर हिवाळ्यात आंबिया बहाराची संत्री निघाली की ती एक बोरी भरून गावाहून नागपूरच्या एसटीवर चढवून देते. कंडक्टर ओळखीचा असतो. आम्ही स्टँडवर जाऊन ती उतरवून घेतो. आई त्या बोरीकडे बघतसुद्धा नाही. शेजारीपाजारी वाटून टाक म्हणते. नागपुरात राहूनही माझ्या आईने छत्तीस वर्षांत संत्र्याची एक फोड तोंडात घातली नाही, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. बाबा मात्र खायचे. हुडकेश्वरच्या आमच्या घराच्या गच्चीवर उन्हात खुर्ची टाकून, एकेक संत्रं सोलून, बिया एका वाटीत टाकत निवांत खायचे. मला वाटायचं, बाबांचं मन किती मोठं आहे. ज्याने घात केला त्याच्या घरचं फळही हा माणूस गोड मानून घेतो.

सहा वर्षांपूर्वी मोठे बाबा वारले. बाबा मातीला गेले आणि रडून आले. आई गेली नाही. त्या दिवशी ती दिवसभर गच्चीवर मेथी निवडत बसली होती, आणि मेथी दोनच जुड्या होती.

आता त्या मुलीबद्दल सांगते. गेल्या पावसाळ्यात नववीला मी नेहमीचा प्रकल्प दिला. घरातली एक घटना घ्या, ती पाहिलेल्या तीन माणसांना 'असं का झालं' ते विचारा, आणि त्यातला एक माणूस विरुद्ध बाजूचा असला पाहिजे. ही विरुद्ध बाजूची अट माझी स्वतःची आणि तिचा मला अभिमान होता. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. बारीक, तेल लावून दोन वेण्या घातलेली, नेहमी गप्प असणारी. म्हणाली, "मॅडम, तुम्ही विरुद्ध बाजूच्या कोणाला विचारलं होतं?"

मी म्हटलं, मी स्वतः पाहिलं होतं.

"हो मॅडम, पण मोटर चालू होती ते तुम्ही पाहिलं. काहून चालू होती ते तर तुम्हाला बाबांनी सांगितलं ना."

वर्ग हसला. मी तिला सांगितलं, जास्त शहाणपणा नको, खाली बस. ती बसली. संध्याकाळी घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली, पण ती मी कामात बुडवून टाकली. मुलगी बरोबर होती हे मला वर्गातच कळलं होतं, म्हणूनच तर मी तिच्यावर खेकसले.

नोव्हेंबरात बाबांच्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीनवर त्यांचे अंगठेच उमटेनात. कारखान्यात लोखंड हाताळून रेषा झिजल्या होत्या. ऑफिसातला माणूस म्हणाला, जुने सगळे कागद घेऊन या, बघू. घरी येऊन मी बाबांची रेक्झिनची बॅग काढली. बाबा कागद जपून ठेवणारे. एका प्लास्टिकच्या पाकिटात कारखान्याचं नेमणुकीचं पत्र होतं, आणि त्याच पाकिटात, का कोण जाणे, माझा गावच्या शाळेचा शाळा सोडल्याचा दाखला. मी दोन्ही कागद पलंगावर शेजारी शेजारी ठेवले. शाळा मी सोडली जूनमध्ये. बाबा कारखान्यात रुजू झाले फेब्रुवारीत, आणि वर्ष तेच होतं.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फेब्रुवारी म्हणजे संक्रांत होऊन गेलेली, उन्हाळ्याला अजून वेळ. विहिरीला पाणी होतं, झाडं हिरवी होती, मोटरवरून कोणाचं कोणाशी काही झालेलं नव्हतं. अठरा वर्षं मी पोरांना ओरडून सांगत आले होते की परिणाम कधी कारणाच्या आधी येत नाही, आधी तारखा लावा आणि मग तोंड उघडा. आमच्या घरच्या गोष्टीत बगीचा वाळला म्हणून नोकरी धरली होती. कागदावर नोकरी आधी होती आणि बगीचा नंतर वाळला होता.

मग एकेक आठवू लागलं. त्या वर्षी बाबा आठवडाभर घरी नसायचे. एका व्यापाऱ्याच्या मालाच्या ट्रकवर जातो असं सांगायचे. फक्त रविवारी असायचे. संत्र्याचा ट्रक काय फक्त रविवारी थांबतो? हा प्रश्न मला दहाव्या वर्षी पडला नाही हे ठीक, पण शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत पडू नये? दुसऱ्यांच्या घरचा इतिहास तपासायला मी फार हुशार होते.

डिसेंबरच्या एका रविवारी शिक्षकांचं प्रशिक्षण आहे असं घरी खोटं सांगून मी एसटीने गावाला गेले. मोठी आई ओट्यावर बसून संत्री निवडत होती, डागी एकीकडे, चांगली एकीकडे. तिला मोतीबिंदू झाला आहे, तरी मी फाटकातून आत येताच म्हणाली, "चाल तर अगदी आईसारखी आहे वं तुही." तिने मला बसायला पोतं दिलं आणि सुनेला चहा मांडायला सांगितलं. मी प्रवासभर घोकलेलं सगळं विसरले आणि सरळ म्हटलं, मोठी आई, मले एक इचाराचं होतं.

"इचार ना. छत्तीस वर्षांत कोणी इचारलंच नाई."

"त्या उन्हाळ्यात आमच्या बारीत मोटर तुम्ही चालवली होती?"

"हो, चालवली," ती म्हणाली. क्षणभर मला हायसं वाटलं, इतकं की मी कागद पर्समध्येच ठेवणार होते. पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "तुह्या बापानंच सांगितलं होतं. म्हणे, दादा, मी यंदा मृगाचा बहार घेतो, झाडाईले ताण देऊन राहिलो. माही बारी तुम्ही घ्या, पाणी कायले वाया घालवता."

ज्यांना संत्र्याचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. संत्र्याला बहार आणायचा तर आधी त्याचं पाणी बंद करावं लागतं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि नेमक्या वेळी पुन्हा पाणी दिलं की अंगभर फुलतं. याला ताण देणं म्हणतात. मृगाचा बहार घ्यायचा तर हा ताण ऐन उन्हाळ्यात येतो. सगळी कला ताण केव्हा तोडायचा यात असते. तिथे उशीर केला तर झाड फुलत नाही, मरतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेली गुंडाळलेली पानं, भेगाळलेली जमीन आणि पलीकडे वाहणारं पाणी, सगळं खरं होतं. ते बाबांनी मागून घेतलेलं होतं एवढंच मला कोणी सांगितलं नव्हतं.

"मंग ताण तोडाचे दिवस आले," मोठी आई सांगत होती. "तुह्या बाप ट्रकवर, आमाले बी तसंच सांगितलं होतं. तुह्या मोठ्या बाबाले राहावलं नाई. म्हणे, आपणच सोडू पाणी, झाडं मरून जातीन. फावडं घेऊन दांड फोडाले गेले, तर रविवारी तुह्या बाप येऊन विहिरीवर उभा. माह्या झाडाईले कोणी हात नाई लावाचा म्हणे. आमाले वाटलं, याचं डोकं फिरलं."

"काहून केलं असन मोठी आई असं?"

तिने हातातलं संत्रं डाग्यात टाकलं, मग उचलून चांगल्यात टाकलं. "सासऱ्याचा शब्द होता. झाडं उभी हायेत तोवर वावर इकाचं नाई. तुह्या मोठ्या बाबानं सही केली नसती. झाडंच नाई राहिली, मंग कोण अडवते?" पुढचं संत्रं उचलत ती म्हणाली, "मी तुह्या आईकडे तीनदा आली वं सांगाले. तिनं दार नाई उघडलं. मंग म्हटलं, एखाद्या दिवशी तेच येऊन इचारन. तुमच्या त्या वावरात आमी नवीन झाडं लावली, त्यातली विहिरीकडची ओळ तिच्या नावानं सोडली. बोरी जाते ते त्याच ओळीची."

परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. काटोलपर्यंत मला फक्त राग आला होता. काटोलनंतर मला ती दुपार आठवली. जा वं, विहिरीवर पाहून ये. मी काय पाहून येणार हे बाबांना ठाऊक होतं. त्यांनीच तर सकाळी भावाला पाणी घ्यायला सांगितलं असेल.

दुसऱ्या दिवशी आई भजनी मंडळात गेली असताना मी गच्चीवर गेले. बाबा संत्रं सोलत होते. मी दोन्ही कागद त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते लांब धरून वाचले, पुन्हा नीट घडी घातली आणि म्हणाले, "गावाले गेलती का तू?"

मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, ते नाकारतील, चिडतील, निदान रडतील. छत्तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट बाहेर येताना माणसाचं काहीतरी व्हायला पाहिजे. बाबांचं काहीच झालं नाही.

"मले वावरात राहाचं नव्हतं," ते म्हणाले. "पगार पाह्यजे होता, सुट्टी पाह्यजे होती. दादा सोडत नव्हता."

"मंग आईले खरं सांगाचं होतं."

"तिनं गाव सोडलं असतं? तिले तिची जाऊ सोडवत नव्हती. जावेवरून मन उडाल्याबिगर ते बाई निघालीच नसती." त्यांनी एक फोड तोडून बिया काढल्या. "अन् तुह्यं काय झालं असतं? तिथंच कोणाच्या घरी भाकरी थापत बसली असती. शिकली ना? मास्तरीण झाली ना?"

माझ्या फळ्यावरचा शेवटचा चौकोन ते मलाच दाखवत होते. मी विचारलं, "मले काहून पाठवलं बाबा विहिरीवर?"

"माह्या बोलण्यावर तिनं इश्वास ठेवला नसता," ते म्हणाले, आणि सोललेल्या संत्र्याच्या दोन फोडी माझ्यापुढे धरल्या.

फसवलं गेल्याचं दुःख मी पुस्तकांत पुष्कळ शिकवलं आहे. तह मोडले, शब्द फिरवले, विश्वासू माणसाने किल्ल्याचं दार उघडलं. पोरं अशा ठिकाणी मुठी आवळतात. माझ्या मुठी आवळल्या गेल्या नाहीत. मी त्या माणसाच्या मांडीवर बसून मोठी झाले होते, त्याच्या आवाजाची नक्कल करून पोरांना हसवत होते, आणि त्याने मला दहाव्या वर्षी एक वस्तू म्हणून वापरलं होतं. मला त्याची किळस आली. ती बापाची आली म्हणून पुन्हा स्वतःची आली.

जिना उतरताना मागून आवाज आला, "तिले नको सांगू. आता या वयात कायले."

मी दहा दिवस सांगितलं नाही. आई सत्तर वर्षांची आहे, तिला बीपी आहे, आणि छत्तीस वर्षांचा राग हा तिच्या पाठीचा आधार झाला आहे, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिले. पण मोठी आई पंचाहत्तरीची आहे आणि तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. गप्प राहण्यात मी बाबांच्याच बाजूने उभी होते. अकराव्या दिवशी गावाहून बोरी आली. आई सवयीने म्हणाली, वाटून टाक. मी बोरी स्वयंपाकघरात ठेवली, तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, तारखांसकट.

सगळं झाल्यावर ती म्हणाली, "मोठ्या बाई तीनदा आल्या होत्या. मी आतून कडी लावून बसली होती." मग बोरीकडे बघत, "तुह्या मोठ्या बाबाच्या मातीला नाई गेली मी."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो हळूच बाजूला घेतला.

"तुह्या बापानं आधी एकदोनदा सांगून पाह्यलं होतं, दादा पाणी तोडते म्हणून. मी नाई मानलं. मोठ्या बाई असं होऊ देणारच नाई, म्हटलं. मंग तू धावत आली. लेकरू कायले खोटं बोलन, म्हटलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "मी तुह्यं आयकलं वं. त्याचं नाई आयकलं."

मी खोटं बोलले नव्हते. हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही, आणि त्याचा आम्हा दोघींनाही काही उपयोग नव्हता.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "अन् हे तू शाळेत सांगते ना? फळ्यावर काढून? किती वर्षं झाले?" मी अठरा म्हटलं. "म्हणजे इतक्या साऱ्या पोराईले माहीत आहे, तुह्या मोठ्या बाबा पाणीचोर होता म्हणून." ती उठली आणि भाजी फोडणीला टाकली. त्या रात्री तिने बाबांचं ताट वाढलं, पण शेजारी बसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी नववीच्या वर्गात फळ्यावर तेच चौकोन काढले आणि पोरांना सांगितलं की यातला दुसरा चौकोन खोटा आहे आणि नोकरीचा चौकोन सर्वांत पहिला यायला पाहिजे. त्या दोन वेण्यांच्या मुलीला उभं करून मी वर्गासमोर तिची माफी मागितली. ती इतकी लाजली की बेंचखाली पेन शोधू लागली. वर्गाला मजा वाटली. तास संपला. पण आधीच्या सतरा वर्षांची पोरं आता कुठे कुठे आहेत, कोणी पुण्यात, कोणी पोलिसात, कोणाची लग्नं होऊन लेकरं झाली. त्यांच्यापैकी कोणी आपल्या पोराला कारण आणि परिणाम समजावताना आमच्या मोठ्या बाबांचीच गोष्ट सांगत असेल. तिथे जाऊन मी काय पुसणार?

रविवारी सकाळी आई नेसून तयार होती. पिशवीत दोन लुगडी, बीपीच्या गोळ्या आणि घरचं तिखट. मीही चप्पल घातली. ती म्हणाली, "तू स्टँडपर्यंत ये. पुढं नको येऊ."

"काहून आई? एकटी कशी जाशील?"

"मले काही होत नाई." मग चप्पल घालताना, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली, "तू संग असली की मले तेच दुपार आठवन वं. मोठ्या बाईले बी आठवन."

मी तिला एसटीत खिडकीची जागा करून दिली. बोरीतली पाचसहा संत्री तिने पिशवीत वरच ठेवली होती. गाडी निघाली तेव्हा ती समोर बघत होती. मी गाडीच्या मागे चार पावलं चालत गेले आणि थांबले. राग बाबांवर होता, पण त्या क्षणी शिक्षा मला झाली होती, आणि ती चुकीची झाली असं मला म्हणता येत नव्हतं.

घरी आले तर बाबा गच्चीवर होते. बोरी शेजारी, वाटी मांडीवर. पायऱ्यांवर माझी चाहूल लागताच त्यांनी मान वळवली.

"कधी येते म्हणे तुही आई?"

"काही नाई म्हणे."

संत्रं हातात तसंच राहिलं. त्यांचं वय मला पहिल्यांदा दिसलं, आणि मला त्यांची दया आली नाही.

"काहून गेली ते?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न मी अठरा वर्षं लोकांच्या पोरांना विचारत आले होते. मी दुसरी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, "तुम्हीच सांगा बाबा. पहिल्यापासून सांगा."

त्यांनी संत्रं वाटीत ठेवलं. धोतराला हात पुसले, घसा खाकरला, आणि माझ्याकडे न बघता सुरू झाले, "त्या वर्षी उन्हाळा लय कडक होता..."

"नाई बाबा," मी म्हटलं. "त्याच्या आधीपासून."